तुसाचा वास

सकाळी बावड्यातल्या आमच्या खुराड्यात दोन पिल्लं शिंकत होती, एक चोच उघडून घरघरत होतं. शेजारचे काका म्हणाले, "झालं, मानमोडी!" म्हणजे कोंबड्यांचा जीवघेणा राणीखेत रोग. पोटात गोळाच आला.

डॉक्टरांनी आधी मला वाकून खुराड्यात अंथरलेलं तूस हुंगायला लावलं. डोळ्यांतनं पाणी! आठवडाभराच्या पावसात तूस भिजलेलं, आणि वारं लागू नये म्हणून मीच चारी बाजूंनी ताडपत्री आवळलेली. आत विष्ठेचा सगळा अमोनिया वायू कोंडलेला. शहाणपणा माझाच.

माना वाकड्या नाहीत, हिरवी हगवण नाही, सातव्या दिवशी मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंबही दिलेला. तरी तिघांना वेगळं ठेवलंय. तूस बदललं, वरनं ताडपत्री सोडली. संध्याकाळी दोघं दाणे टिपायला लागली. तिसरं अजून घरघरतंय, उद्या डॉक्टरांना परत दाखवायचंय.