कुसमळीच्या पुलावरचा फोटो

मी बेळगावात साड्यांना फॉल-पिको करते. शहापूर-वडगावच्या मागांवरच्या साड्या, लग्नसराईत शालू, एरवी बायकांच्या रोजच्या वापरातल्या. गिऱ्हाईक साडी टाकून जातं, मी काठाच्या रंगाला जुळणारा दोरा शोधते. दिवस तसाच जातो. पण 2021 पासून रोज मोबाईलवर एक फोटो काढते आणि रात्री झोपण्याआधी तो देवाला दाखवते. हे मी आजवर कुणाला फारसं सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात आई गेली. नंतर जपमाळ हातात घेतली की बोटं मण्यांवरून सरकायची, पण ‘नमो मारिया’ घशातच अडकायचं. पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरांना तेच सांगितलं. ते म्हणाले, “शब्द राहू देत. झोपताना दिवस एकदा आठवायचा. आज देव कुठं भेटला, एवढंच विचारायचं.”

विवेकबुद्धीची ही तपासणी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नासियांनी घालून दिलेली. दुपारी एकदा आणि रात्री एकदा करायची. आधी आभार, मग प्रकाश मागायचा, दिवस तपासायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्याचा निश्चय करायचा. मी पहिल्या पायरीवरच अडून बसायचे. आभार मानायचे तरी कशाचे? मग ठरवलं, दिवसातली एक तरी गोष्ट फोटोत धरून आणायची आणि त्या एका गोष्टीचे आभार मानायचे. पहिला फोटो आईच्या बरणीच्या तळाशी उरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा होता. त्यानंतर काय काय आलं! भाजीवालीच्या मनगटावर वाळलेला चिखल, पावसात रिक्षावाल्याने मीटरवर घातलेली प्लास्टिकची पिशवी, कॅंपातल्या बेकरीच्या काचेवरची पहाटेची वाफ.

2024 च्या नोव्हेंबरमध्ये मी पहिल्यांदा सायबाच्या फेस्ताला चालत गेले. सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचं निधन झालं, म्हणून 3 डिसेंबरला फेस्त. 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते आणि बेळगाव, खानापूर, सावंतवाडी, कारवार अशा चहूकडून माणसं जुन्या गोव्याला पायी निघतात. त्या वर्षी तर शवदर्शन होतं. दहा वर्षांनी एकदा संतांचा देह बॉम जेझू बासिलिकातून शेजारच्या से कॅथेड्रलमध्ये आणतात. 21 नोव्हेंबरला दर्शन सुरू झालं होतं, 5 जानेवारीपर्यंत चालणार होतं. आईला जायचं होतं. मी तिच्या वाटणीचं चालायचं ठरवलं.

आमच्या गल्लीतले काका वारकरी आहेत. चालायची तयारी त्यांनीच करून घेतली. “पायांना खोबरेल लाव, मग मोजे घाल. नवीन चप्पल अजिबात नको.” चिकोडीकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे माउलींच्या पालखीसाठी दरवर्षी चालत आळंदीला जातात, ते काका लहानपणापासून बघत आलेत. निघायच्या आदल्या रात्री चुरमुरे-फुटाण्यांची पुडी देताना म्हणाले, “माउली, वाटेत कुणी पुढं गेलं म्हणून पळायचं न्हाई, कुणी मागं राह्यलं म्हणून चिडायचं न्हाई.” मी हो म्हटलं. पहिल्याच दिवशी दुसरी गोष्ट मोडली.

28 तारखेला, गुरुवारी पहाटे कॅंपातल्या फातिमा कॅथेड्रलजवळून आम्ही वीस-बावीसजण निघालो. पिरनवाडीला खानापूरचा रस्ता सोडून चोर्ल्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. जपमाळ म्हणताना येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग आठवायचे, त्यांना रहस्ये म्हणतात, आणि ती वारानुसार बदलतात; गुरुवार म्हणून प्रकाशाची रहस्ये म्हणत चाललो होतो. सुगीचे दिवस. दोन्हीकडं भात कापून पडलेलं, कुठं मळणी, कुठं खळ्यावर राशी. भाताच्या ओल्या काडाचा वास असा की, माळ म्हणतानाही लक्ष तिकडंच जायचं. रस्त्यावरच्या घरांतून माणसं हाक मारायची, “कुठं चाललासा? चा घेऊन जावा की.” आमच्या पुढच्या क्रुसाला नमस्कार करून परत कामाला लागायची.

आमच्यात एक मावशी होत्या, खानापूरकडच्या, साठीच्या पुढच्या. दुपारनंतर त्या सारख्या मागं पडू लागल्या. शेवटच्या माणसाबरोबर थांबायचं काम माझ्याकडं होतं. दर अर्ध्या मैलाला त्या कडेला बसायच्या, पाय चोळायच्या, उठायच्या. पुढची मंडळी वळणाआड दिसेनाशी व्हायची. मला जांबोटीच्या अंधाराची धास्ती होती. शेवटी मी बोललेच, “मावशी, जरा पाय उचला की. तुमच्यापायी सगळ्यांचा खोळंबा व्हायलाय.” त्यांनी मान हलवली, काही बोलल्या नाहीत.

कुसमळीला मलप्रभेचा पूल आला. ऊन कललं होतं, पाण्यावर तांबूस पट्टा पडला होता. मी पुढं जाऊन वळले आणि पुलासकट नदीचा फोटो काढला. आजचा फोटो मिळाला, असं वाटलं. मनातून खूश झाले.

रात्री मुक्काम एका घराच्या पडवीत. पेज, अळसाण्यांची उसळ, खाली भाताच्या काडावर अंथरलेली घोंगडी. सगळे झोपल्यावर मी फोटो उघडला. नदीचे आभार मानले. सवयीने बोटांनी फोटो मोठा केला, कडेकडेनं बघत गेले. डावीकडं अगदी कोपऱ्यात मावशी होत्या. डांबरावर अनवाणी. हातात एक तुटकी चप्पल लोंबत होती, अंगठा निघालेली, काळी. त्यांच्या पुढं आमच्यातली कॉलेजची पोरगी चालत होती आणि तिच्या पायात जांभळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या, टाचेमागं दोन बोटं बाहेर आलेल्या.

त्या जांभळ्या चपला मी ओळखल्या. रंग लक्षात ठेवणं हे माझं पोटाचं काम आहे. पहाटे चर्चच्या आवारात दिव्याखाली त्या मावशींच्या पायात होत्या. वांगी रंगापेक्षा एक छटा फिकी, असा रंग दोऱ्यात पटकन मिळत नाही, हेही तेव्हा मनात आलं होतं. सकाळभर त्या रंगाकडं मी बघितलं होतं, आणि दुपारनंतर त्या पायांकडं बघितलंच नाही. फोटो काढतानासुद्धा नदीच बघितली.

क्षमेच्या पायरीवर मी त्या रात्री किती वेळ थांबले, सांगता येणार नाही.

सकाळी मावशींजवळ जाऊन बसले. पायाच्या तळव्याला दोन मोठे फोड आले होते. मी म्हटलं, “मावशी, काल सांगायचं न्हाई का? चप्पल दिलासा म्हणून?” त्या तेल चोळत म्हणाल्या, “सांगून काय कराचं? पोरीला लाज वाटली असती. आणि तू थांबलीस की माझ्यासाठी.” मी रागानं थांबले होते. त्यांनी तो राग हिशेबातच धरला नव्हता. माझ्या पिशवीतली जास्तीची चप्पल त्यांच्या रुंद पायांना होईना, म्हणून जांबोटीत दुकान उघडेपर्यंत थांबून रबरी चपला घेतल्या. सगळ्यांना अर्धा तास खोळंबा झाला. कुणी काही म्हटलं नाही.

शुक्रवार, दुःखाची रहस्ये, कणकुंबीची वाट. हा टप्पा जंगलाचा आणि चढाचा. बोलणं आपोआप कमी होतं. संध्याकाळी कणकुंबीला पोचलो. मलप्रभेचा उगम इथलाच. देवळाजवळच्या कुंडापाशी बसून मी ते पाणी बघत होते. इथून निघून ते पूर्वेला जातं आणि पार कुडलसंगमला कृष्णेला मिळतं. आमची वाट पश्चिमेची. काल ज्या पुलावर मी चिडले होते, त्याखालून हेच पाणी गेलं होतं.

रात्री मावशींना मी सायबांची एक गोष्ट सांगितली. मला ती फार जवळची आहे. इग्नासियांबरोबर पॅरिसला राहिलेला हा माणूस. 15 ऑगस्ट 1534 रोजी सात मित्रांनी मिळून तिथं व्रत घेतलं, आणि पुढं तो इतका लांब आला की युरोपातलं पत्र यायला वर्षं लागायची. 1546 साली आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइना बेटावरून त्यांनी सोबत्यांना कळवलं होतं की, तुमच्या पत्रांवरच्या तुमच्या हातच्या सह्या कापून घेतल्यात आणि त्या मी जवळ बाळगतो. मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग कमरेचा बटवा सोडला. आत सुपारी, दोन नाणी आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक पासपोर्ट फोटो. आखातात कामाला असलेल्या मुलाचा. म्हणाल्या, “मग सायबाचा बी फोटोच झाला की गे तो.”

त्या दिवशीचा माझा फोटो तो बटवा. सुपारीच्या बारीक चुऱ्यात मुलाच्या शर्टाची कॉलर तेवढी दिसते.

शनिवारी घाट उतरलो. चोर्ल्याचा घाट सुंदर आहे, पण गुडघ्यांना तो कळत नाही. केरीपर्यंत सगळं लक्ष पायांखाली आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या हॉर्नकडं. रविवारी, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, जुनं गोवं. रांग एवढी लांब की, तिच्यातच आमची वैभवाची रहस्ये पुरी झाली. से कॅथेड्रलमध्ये काचेच्या पेटीसमोर क्षणभर उभं राहायला मिळालं. मोबाईल पिशवीतच ठेवला. आईचं नाव घेतलं. तिला मी अजून काही सांगणार होते, तोवर पुढं सरकायची वेळ झाली.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, “माझा एक काढ की. पोराला पाठवूया.” पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंतीसमोर ताठ उभ्या राहिल्या. मी चांगला वेळ घेऊन काढला. चेहरा स्पष्ट, डोळे उघडे, पायात रबरी चपला. या वेळी मी चपलाही बघितल्या.

रात्री मुक्कामाला तो फोटो त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, आधी आपला चेहरा बघतील. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला, माझ्याकडूनच शिकलेल्या, आणि सरकवत सरकवत उजव्या कोपऱ्यात गेल्या. तिथं गर्दीत कुणा अनोळखी बापाच्या खांद्यावर एक लेकरू बसलं होतं.

“ह्या पोराच्या पायात एकच बूट हाय बघ,” त्या म्हणाल्या. “दुसरा कुठं पडला असंल गे?”

“आता कसं कळणार मावशी?”

त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. “उद्या सकाळच्या मिस्साआधी तिथंच जाऊन बघूया,” म्हणाल्या. “भिंतीच्या कडंला असंल.”