सोमवारचं कुलूप

फिलाडेल्फियाचा कार्पेंटर्स हॉल सोमवारी बंद असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

अमेरिकेत मुलाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो होतो. त्याने एका सहलवाल्याकडे फिलाडेल्फियाची एक दिवसाची व्हॅन ठरवून दिली. यादीत हॉलचं नाव बघून मी खूश. आयुष्य बांधकामांवर गेलेलं, त्यामुळे सुतार-मिस्त्रींनी स्वतःच्या संघासाठी बांधलेली इमारत मला तिथल्या प्रसिद्ध घंटेपेक्षा, लिबर्टी बेलपेक्षा, जास्त ओढत होती. चेस्टनट स्ट्रीटवरून आत वळलो, तर दाराला कुलूप.

"काका, बाहेरून फोटो मस्त येतो," गाइड म्हणाला. पोरगा मराठीच. म्हटलं, अरे, यादी तुम्हीच छापलीत ना? तर म्हणे, यादीत 'पाहणे' लिहिलंय, 'आत जाणे' नाही! आयुष्यात ठेकेदारांचे पुष्कळ खुलासे ऐकले, पण याचा पहिला नंबर. मग म्हणाला, इंडिपेंडन्स हॉल बघू, अमेरिकेचं स्वातंत्र्य जिथे जाहीर झालं तो. तिथे ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं आणि ते त्याने काढलेलं नव्हतं.

बाकी मंडळी जेवायला गेली. आम्ही दोघं तिथेच दशम्या खात बसलो. रागारागात मी विटा बघत होतो. एक हेडर म्हणजे आडवी वीट, जिचं फक्त टोक दिसतं, मग एक स्ट्रेचर, जिची लांब बाजू दिसते; या रचनेला फ्लेमिश बाँड म्हणतात. वर-खाली सांध्यावर सांधा कुठे आलेला नाही. काम 1770 चं. "झालं का इन्स्पेक्शन?" हिने दोनदा विचारलं. पैसे परत मागितले, तेही मिळाले नाहीत.

गुरुवारी आमचे आम्हीच ट्रेनने गेलो. ट्रेंटनला गाडी बदलायची, बस्स. हॉलला तिकीट नाही, फुकट. आत 1774 च्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेच्या, वेळच्या खुर्च्या आहेत. 13 पैकी 12 वसाहतींचे लोक इथे जमले, जॉर्जिया आली नाही. इमारत तेव्हा पुरती झालीही नव्हती, हे वाचून मला बरंच बरं वाटलं.

आणि सुतारांचा हा संघ 1724 चा, अजून चालू आहे, इमारतही त्यांचीच. 1786 साली त्यांनी कामाची मोजमापं आणि दरांचं पुस्तक छापलं, ते फक्त सभासदांसाठी. राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने मागितलं तर त्यालाही दिलं नाही म्हणतात.

"म्हणजे तुमचा डीएसआरच की," ही म्हणाली.

तोच, सरकारी बांधकामांच्या दरांचा तक्ता. फक्त आमचा कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे मिळायचा.