सातवा रकाना: ग्रंथालयात काव्यवाचन करताना आलेला माझा अनुभव

काव्यवाचनाची संध्याकाळ होऊन महिना उलटला. भेटणारे अजून म्हणतात, छान झालं हो. मला मात्र दर वेळी त्या दिवशी वाचली न गेलेली एक कविता आठवते. कुणाला ग्रंथालयात असा कार्यक्रम करायचा असेल तर माझे अडकलेले तीन आठवडे त्यांचे तरी वाचावेत, म्हणून लिहितेय.

वाचणारे मिळाले, तारीख ठरली, सभागृह त्या दिवशी रिकामं होतं. एका दुपारीच सगळं जमलं. ग्रंथपाल स्वतः उत्साही होते. अडलं ते अर्जाच्या सातव्या रकान्यात: ‘सादर होणाऱ्या कलाकृतींच्या हक्कधारकांची लेखी संमती जोडावी.’ अर्ज नाटक आणि चित्रपटांच्या कार्यक्रमांसाठी छापलेला होता, कवितेचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता.

आम्ही आठ वाचक. पाच जण स्वतःच्या कविता वाचणार होते, तिघं आपल्या आवडत्या कवींच्या. मी रकान्यात ‘पाच कवी स्वतः उपस्थित राहून वाचणार आहेत’ असं लिहून अर्ज दिला. चार दिवसांनी तो परत आला. शेरा: ‘त्रुटी. संमतीपत्रे नाहीत.’ कवी आपलीच कविता वाचतोय, त्याने संमती कुणाची आणायची? टेबलावरून उत्तर एकच, कागद जोडलेला हवा. मग पाचही जणांकडून ‘कविता माझी आहे, तिच्या जाहीर वाचनास माझी हरकत नाही’ असं सहीनिशी लिहून घेतलं. एकीचा संग्रह छापून आलेला, त्यामुळे तिला प्रकाशकाबरोबरचा करार शोधावा लागला. त्यात प्रकाशकाला फक्त छापण्याची परवानगी होती, हक्क तिच्याकडेच होते. दर वेळी तसं असेलच असं नाही, करार आधी वाचून घ्या.

अर्ज पुन्हा परत. आता उरलेल्या तिघांचा प्रश्न. दोघं केशवसुत आणि बालकवी वाचणार होते. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली. साहित्य-कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या १८८६च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कवीच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क टिकतो. भारतात ही मुदत ६० वर्षं आहे, युरोपीय संघात ७०. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. म्हणजे या दोघांच्या कविता कधीच्याच सगळ्यांच्या झाल्या आहेत. मी हे तोंडी सांगितलं, तर ‘पुरावा जोडा’. मग त्याच ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसून मराठी विश्वकोशातल्या नोंदींच्या झेरॉक्स काढल्या आणि वीस पावलांवरच्या टेबलावर नेऊन दिल्या. त्या दिवशी मला खरंच रडू येत होतं.

तिसऱ्या होत्या आमच्या वाचकगटातल्या आजी. त्यांना एका दीर्घकवितेतली दोन कडवी वाचायची होती. कवीला जाऊन ६० वर्षं झालेली नव्हती. प्रकाशकाला दोनदा पत्र पाठवलं, उत्तर नाही. वारसांचा पत्ता मिळेना. निर्णय देणारे साहेब रजेवर, फाइल तशीच पडून. कार्यक्रमाला सहा दिवस उरले, पत्रिका छापायला थांबलेली. ‘ती एक कविता यादीतून काढा, आत्ता मंजुरी देतो,’ असं मला सांगण्यात आलं. मी काढली. आजींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘असू दे गं, मी दुसरी वाचेन.’ त्या कडव्यांवर त्या दोन महिने घरी मेहनत घेत होत्या. पाठ झालेली असूनही रोज मोठ्याने म्हणायच्या.

कार्यक्रम झाल्यावर मी कायदा उघडून वाचला. जाहीर वाचनाचा हक्क कवीचा असतो, त्यामुळे विचारणा करणं चूक नव्हतं. पण भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या ५२व्या कलमात सूट आहे: प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचता किंवा म्हणून दाखवता येतो. दीर्घकवितेतली दोन कडवी! आडकाठी नव्हतीच. ते टेबलावर कुणी सांगितलं नाही, आणि नकार कोणत्या नियमाखाली हे मीही लेखी विचारलं नाही. तुम्ही विचारा. शेरा तोंडी घेऊ नका, अर्जावर लिहून घ्या. आणि प्रत्येक वेळी पोच आणि आवक क्रमांक घ्या, माझ्या पहिल्या अर्जाची नोंद कुठेच सापडत नव्हती.

अनुवादित कविता ठेवणार असाल तर एक लक्षात असू द्या: मूळ कवी कितीही जुना असो, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. चाल लावलेली कविता गाणार असाल तर संगीतकाराचाही.

प्रत्यक्ष संध्याकाळ दीड तासाची झाली आणि सुंदर झाली. चौदा ओळींची कविता सावकाश वाचायला साधारण एक मिनिट लागतं, त्यामुळे प्रत्येकाला सात मिनिटं पुरतात. घड्याळ लावून घरी एकदा वाचायला सांगा, कारण मंचावर प्रस्तावनाच लांबते. कविता मोठ्या टायपात कागदावर हव्यात. मोबाइलवर वाचणाऱ्याची मान खाली जाते आणि आवाज माइकच्या खालून निघून जातो. माइकपाशी कागद उलटला की त्याची खरखर शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, म्हणून एका पानावर एकच कविता. पंख्याचा आवाज आधी तपासा, आम्ही मंचावरचा बंद ठेवला. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या तर कवीला चेहरे दिसतात, फार फरक पडतो. हो, आणि ग्रंथालय बंद होण्याची वेळ पत्रिकेवर छापा, म्हणजे शेवटच्या वाचकाला घाई होत नाही.

आजींनी बालकवींची छोटी कविता वाचली. चांगलीच वाचली. पण खुर्चीकडे परत जाताना हातातल्या पिशवीत त्या दुसऱ्या पुस्तकाचा कोपरा दिसत होता.

पुढच्या वाचनाचा अर्ज मी सोमवारी दिलाय. यादीत पहिलंच नाव आजींचं, पुढे कवितेचं नाव, ‘दोन कडवी’ आणि कलम ५२. सातव्या रकान्याला वेगळा कागद जोडलाय. पोच घेतली आहे, आवक क्रमांक आहे. शुक्रवारी विचारायला जायचंय, या वेळी आजीही सोबत येणार आहेत.