काठीची होळी पहाटे पेटते, रात्री दहाला नाही

हे वाक्य आम्हाला निघायच्या आधी कोणी सांगितलं असतं तर पाच-सहा हजार रुपये, एका मैत्रिणीचा मुरगळलेला पाय आणि आमच्यातला दीड दिवसाचा अबोला वाचला असता. म्हणून ते सगळ्यात वर लिहिलंय. काठी हे नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्यातलं गाव, आणि तिथली आदिवासींची होळी आम्ही ऐकायला गेलो होतो. पुढचं नाही वाचलंत तरी एवढं लक्षात ठेवा.

आम्ही चौघं कॉलेजात एकाच गाण्याच्या ग्रुपमध्ये होतो. आता दोघी पुण्यात, एक नाशिकला, मी धुळ्याचा. वर्षातून एक सहल फक्त गाण्यासाठी करायची असं आमचं ठरलेलं आहे, आणि दर वर्षी वाद तोच. नाशिकचा मित्र फाइल बनवतो. कुठल्या दिवशी कुठे, किती वाजता, काय ऐकायचं, सगळं त्यात. तबला वाजवणारी मैत्रीण म्हणते की गाणं असं वेळ देऊन भेटत नाही, पिशवी उचला, निघा, कानावर पडेल ते ऐका. यंदा खान्देश ठरलं ते माझ्यामुळे आणि फाइल जिंकली तीही माझ्याच मतामुळे. चार दिवस, पाच ठिकाणं. जळगाव, थाळनेर, सारंगखेडा, नंदुरबार आणि शेवटी सातपुड्यातली काठीची होळी.

जळगाव छान झालं. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्यात, त्या बघितल्या. रात्री भरीत आणि कळण्याची पुरी खाल्ली. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही, कोणीही जाऊन बघू शकतं.

थाळनेर मात्र फाइलीतलं पहिलं चुकलेलं पान. लता मंगेशकरांचं आजोळ म्हणून ते यादीत आलं होतं. त्यांच्या आईचे, म्हणजे माईंचे वडील शेठ हरिदास लाड थाळनेरचे, आणि लहानपणी आजीकडून ऐकलेल्या गरब्यांबद्दल लताबाई स्वतः बोलल्या आहेत. हे सगळं खरं. पण मार्चच्या दुपारी तापीकाठी उभं राहून ऐकायला काय मिळतं? वारा. फारुकी सुलतानांच्या कबरी सुंदर आहेत, किल्ल्याचे अवशेष आहेत, इतिहासाची आवड असेल तर जरूर जा. गाण्यासाठी म्हणून शिरपूरहून वाट वाकडी करू नका.

सारंगखेड्याचं तर मला अजून वाईट वाटतं. तिथली एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला भरतो. तेव्हा तिथे ढोलाच्या तालावर घोडे नाचतात, रात्रभर गजबज असते. आम्ही फाल्गुनात गेलो. रिकामं मैदान, देऊळ आणि पूल. फाइलीत ठिकाण बरोबर होतं, तिथी नव्हती.

माझं ठाम मत आहे की खान्देशातलं गाणं तिथीला बांधलेलं आहे, गावाला नाही. ठिकाणं जोडून सहल आखली की चार दिवस उन्हात एस.टी. बदलत बसाल. एकच तिथी धरा आणि तेवढ्यासाठीच या.

आता मूळ विषय.

नंदुरबारला आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचलो. मिरचीचा हंगाम होता, लाल मिरची वाळत घातलेली, रिक्षातसुद्धा नाक चुरचुरत होतं. लॉजवर काठीची चौकशी केली. काउंटरवरच्या माणसाने अगदी खात्रीने सांगितलं, “दहाला पेटते, बाराला मोकळे, दोनला परत इथे.” मित्राने ते फाइलीत लिहिलं. मी धुळ्याचा, पण काठीला कधी गेलो नव्हतो. मीही मान डोलावली, दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी हातोड्याच्या पुलावरून तळोदा, तिथून अक्कलकुवा. अक्कलकुव्याला एका जीपवाल्याशी जाण्या-येण्याचे चार हजार ठरले. तीन हजार आधी, एक हजार परत आल्यावर. इथे आमची दुसरी चूक झाली. तिकडे सणाच्या दिवशी परतीचे पैसे आधी द्यायचेच नाहीत. निम्मे द्या, निम्मे परत खाली उतरल्यावर.

देवगोईचा घाट दिवसा सुंदर आहे. संध्याकाळी, होळीच्या दिवशी, टपावर माणसं बसलेल्या काळ्यापिवळ्या जीप समोरून येत असताना तो सुंदर राहत नाही. वळणावर हॉर्न वाजवायची पद्धत आहे, पण प्रत्येक गाडीत ढोल वाजत असल्यामुळे हॉर्न ऐकूच येत नाही. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी अक्कलकुव्यालाच गोळी घ्यावी आणि पुढच्या सीटसाठी भांडावं. आमच्या ड्रायव्हरने मोलगीला थांबून आणखी सहा माणसं भरली. आपण पूर्ण गाडी केली आहे हे निघायच्या आधी मोठ्याने बोलून घ्या, नंतर बोलून उपयोग होत नाही.

मोलगीच्या पुढे गर्दीमुळे गाडी अडली, आम्ही उतरून चालत गेलो. रस्ता अंधारा, मधे खडी सांडलेली, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलींचा उजेड डोळ्यांवर. इथेच मैत्रिणीचा पाय मुरगळला. चप्पल, सँडल काही चालणार नाही, बूटच घाला. टॉर्च हातात असू द्या. फोनचा उजेड त्या धुळीत पुरत नाही आणि पहाटेपर्यंत बॅटरी टिकत नाही.

साडेनऊला पोचलो. दहा वाजले, अकरा वाजले, होळी पेटण्याचं काही लक्षण नाही. होळीचा उंचच्या उंच बांबू अजून उभाही राहिला नव्हता. शेजारी बसलेल्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “पेटंल ना, पहाटे.” एवढंच. फाइल त्या क्षणी संपली.

साडेबाराला मित्र जीप बघायला गेला. जीप नव्हती. मोलगीला भरलेली सहा माणसं आणि आणखी काही जणांना घेऊन ड्रायव्हर खाली निघून गेला होता. फोन लागत नव्हता. आमच्यात तिथेच भांडण झालं. मित्राचं म्हणणं, आत्ता चालत मोलगी गाठू. तबलावाली म्हणाली, मी होळी बघितल्याशिवाय हलणार नाही. दुसरी पाय धरून बसलेली. शेवटी सगळे थांबलो, पण एकमेकांशी बोलत नव्हतो.

आणि मग जे ऐकलं ते मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

गावागावांचे जथे आपापला ढोल घेऊन येतात. एक ढोल उचलायला दोन माणसं लागावीत असे काही आहेत. नवस करून नाचणारे, ज्यांना बावा, बुध्या म्हणतात, ते कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढरे ठिपके. नाचताना भोपळे एकमेकांवर आपटतात. त्याचा आवाज पोकळ, लाकडी, ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बरोबर पडणारा. तबलावाली माझ्या दंडावर बोटांनी मात्रा मोजत होती. तीनदा मोजून तिने सोडून दिलं. जथा बदलला की चाल बदलायची, आणि दोन जथे शेजारून गेले की दोन्ही चाली एकमेकींत मिसळायच्या, तरी कोणाचा पाय चुकत नव्हता. पहाटे दवाने चामडं सैल पडलं तेव्हा एका पोराने ढोल शेकोटीजवळ तिरका धरला, तळहाताने चामडं चाचपलं, एक थाप मारली, मान हलवली, पुन्हा शेकलं. दुसऱ्या थापेला आवाज खणखणीत आला तेव्हा तो हसला. मधूनच पावरीचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या आदिवासी वाद्याचा लांब सूर. मग बांबू उभा राहिला. पूर्वेला फटफटायच्या आधी होळी पेटली आणि शेकडो घुंगरं एकदम वेगात गेली.

त्या वेळी मला थंडी, पैसे, ड्रायव्हर काहीही आठवत नव्हतं. म्हणून सांगतो, जा. नक्की जा. पण अशी तयारी करून जा.

पंचांगात होळी ज्या दिवशी आहे त्या दिवशी उजेडातच काठीला पोचा. पूर्ण रात्र तिथेच काढायची हे गृहीत धरा. स्वेटर हवाच. खाली दुपारी घाम निथळत असला तरी सातपुड्यात पहाटे दात वाजतात. माणशी दोन लिटर पाणी, भाकरी किंवा दशम्या बांधून, आणि रोख पैसे, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. जोडीने जाणाऱ्या बायकांनी एक लक्षात घ्या, आडोशाची सोय नाही म्हणूनच समजा. नवसकरी पाळणूक पाळत असतात, जमिनीवर झोपतात, अंगाला शिवून घेत नाहीत. सेल्फीसाठी त्यांच्या खांद्यावर हात टाकणारे काही शहरी लोक आम्ही बघितले, मला त्यांची लाज वाटली. फोटो विचारून काढा. रिंगणात कोणी हात धरून ओढलं तरच शिरा.

सकाळी परतीला आम्हाला अक्कलकुव्यापर्यंत माणशी सहाशे मागितले. चौघांचे चोवीसशे. घासाघीस करून दोन हजारांवर आले. मी एकाला म्हटलं, एस.टी. कधी मिळेल? तो म्हणाला, “आज सणना दिन शे भो, एस.टी.नी वाट नको देखू.” पैसे दिले. ज्यांना सुट्टी आहे त्यांनी दुपारपर्यंत मोलगीलाच थांबावं, गर्दी ओसरली की भाडं निम्म्यावर येतं, हे आम्हाला गाडीत बसल्यावर शेजारच्या माणसाने सांगितलं.

फाइलीप्रमाणे त्या दिवशी परतीची गाडी होती. तिकीट तसंच वाया घालवून आम्ही माझ्या मावशीकडे, शहाद्याजवळच्या गावाला गेलो. मावशीने कोणाला काही विचारलं नाही, पायाला हळद-तेल लावलं, खिचडी वाढली, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत झोपलो. दुसऱ्या दिवशी शेजारी हळद होती. दारात बँड आला. कीबोर्ड, बेंजो, ढोल, आणि आवाज एवढा की खिडकीची काच थरथरत होती. पण मावशी आम्हाला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे सात-आठ बाया अहिराणीत हळदीची गाणी म्हणत होत्या, एक जण उलट्या परातीवर अंगठीने ताल देत होती. तबलावालीने परात मागितली. त्या बाईंनी आधी तिच्या हाताकडे बघितलं, मग परात दिली. दीड तास गेला. त्यातलं काहीही कुठल्या यादीत लिहिता आलं नसतं.

म्हणून मित्रांत वाद असेल तर माझा निकाल ऐका. तिथी आणि गाडी, या दोन गोष्टी आखायच्या. बाकी कागदावर काही आणायचं नाही. नुसतं सुचलं म्हणून होळीच्या संध्याकाळी अक्कलकुव्याला उतरलात तर आमच्यापेक्षा जास्त लुबाडले जाल. आणि सगळं बांधून आलात तर पडवीतली परात ऐकायला वेळ उरणार नाही.

ज्यांना आखीव गाणंच हवंय, खुर्ची, माइक, वेळापत्रक, त्यांनी जानेवारीत जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव धरावा. बालगंधर्वांचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण काही काळ जळगावात मेहबूब खाँसाहेबांकडे झालं, त्यामुळे तिथे ते नाव शोभतं. तिथे आमच्या मित्राची फाइल शंभर टक्के चालेल.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खान्देशात घरोघरी बसणाऱ्या देवीच्या गाण्यांसाठी यायचं कोणाच्या डोक्यात असेल तर एक सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी होतात, सोमवारी विसर्जन. पण तो घरचा सण आहे. रोटाचं, म्हणजे तिच्या प्रसादाचं धान्य घरातल्या माणसांच्या हिशोबाने मोजून घेतात आणि रोट भाऊबंदच खातात. ओळखीचं घर असेल, बोलावणं असेल तरच जा. लॉज बुक करून बघायला जायचा प्रकार नाही तो.

अबोला शहाद्यातच सुटला, रसवंतीवर. मित्राने फाइल फाडलेली नाही, त्याने त्यात मागच्या पानावर मावशीचा नंबर लिहून घेतलाय. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा काठीलाच जाणार आहोत. गाडी नंदुरबारहून, ओळखीच्या माणसाची, दोन दिवसांसाठी, ड्रायव्हरचं जेवण आणि पांघरूण आमच्याकडे. मैत्रिणीचा पाय तोपर्यंत बरा होईल असं डॉक्टर म्हणालेत.