मिशी आणि दुबार पेरणी

इथे कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात गाडीच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असते. रात्री ती प्लगला लावून ठेवायची, म्हणजे इंजिन ऊबदार राहतं. पहिल्या जानेवारीत मी ते विसरलो. सकाळी उणे ३८, गाडी हूं की चूं करेना. बसथांब्यावर दहा मिनिटं उभा राहिलो तर मिशीला बर्फाचे मणी लागले. त्याच आठवड्यात मिशी काढली.

व्हिडिओ कॉलवर आईनं पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "तुहा बाप जित्ता हाय ना रे, मिशी कायले काढली?"

गावाकडून फोन आला की लोक म्हणतात, "लवकर जुळवून घेतलंस बुवा." दारव्हा तालुक्यातल्या कोरडवाहू वावरातलं पोरगं कॅनडात टिकलं, याचं त्यांना कौतुक. मला ते ऐकताना अवघडायला होतं, का ते सांगतो.

मी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा बी.एस्सी. ॲग्री. इथे त्या पदवीचं कोणी नावही विचारलं नाही. आठ महिने रात्रपाळीत एका बेकरीची भांडी आणि फरशी घासली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पाठ दुखायची एवढंच. मग ग्रेन एलेव्हेटरवर काम मिळालं. एलेव्हेटर म्हणजे रूळांच्या कडेचं उंच कोठार. शेतकऱ्याचा ट्रक येतो, आम्ही लांब नळीनं नमुना काढतो, ओलावा मोजतो, काडीकचरा चाळतो, दर्जा ठरवतो आणि माल रेल्वेत भरतो.

थोडक्यात, बाजार समितीत ज्या टेबलापुढे बाबा सोयाबीनची पोती घेऊन तासन्‌तास उभे राहायचे, त्या टेबलाच्या पलीकडे आता मी बसतो. "ओल हाय" म्हणून भाव पाडताना तिथल्या माणसानं बाबांकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नव्हतं. म्हणून मशीनचा आकडा मी आधी शेतकऱ्याला दाखवतो. नियमात तसं लिहिलेलं नाही, ही माझी आपली खोड.

पहिल्याच हंगामात एक म्हातारा शेतकरी मसुरीचा दाणा दाताखाली धरून म्हणाला, "कोरडा आहे." मीही एक दाणा चावला. बाबांनी तुरीवर शिकवलेली विद्या! मी म्हटलं, "थोडा ओला." मशीननं माझी बाजू घेतली. तेव्हापासून तो आला की मलाच शोधतो.

आणि ही मसूर मुळात इथली नव्हेच. १९७० च्या सुमारास इथे गहू इतका साचला की त्या वर्षी सरकारनं शेतकऱ्यांना गहू न पेरण्याचे पैसे दिले. १९७१ मध्ये सस्कटूनच्या विद्यापीठात नव्या पिकांसाठी केंद्र निघालं. अल स्लिंकार्ड नावाच्या शास्त्रज्ञानं मसुरीवर काम करून १९७८ मध्ये 'लेअर्ड' हे वाण आणलं. आज कॅनडाइतकी मसूर जगात कोणी निर्यात करत नाही, आणि त्यातली बहुतेक याच प्रांतात पिकते. (दिल्लीनं आयातशुल्काला हात लावला की इथले शेतकरी माझ्याकडे असे बघतात, जणू मीच लावलं. २०१७ मध्ये वाटाण्यावर लागलेले ५० टक्के ते अजून विसरलेले नाहीत.)

आता बाबांकडे बघा. ज्वारी सोडून सोयाबीन घेतलं, कडबा गेला, म्हणून एक बैलजोडी विकली. संकरित पऱ्हाटी (कपाशी) सोडली, २००२ नंतर आलेली बीटी लावली. गुलाबी बोंडअळीनं ती पोखरली, तर तुरीचे तास वाढवले. दर वेळी बदलले ते स्वतःच्या खिशातून, नाहीतर उधारीवर. न पेरण्याचे पैसे त्यांना कोणी दिले नाहीत. मग जुळवून घेण्यात माझा नंबर पहिला कसा? माझी चूक झाली तर बसचं तिकीट जातं. त्यांची झाली तर वर्ष जातं.

मागच्या जुलैत रात्री आठला फोन लावला. इकडे अजून लख्ख ऊन, तिकडे सकाळचे साडेसात.

"पंधरा दिस पाण्याचा पत्ता नोयता. उगवलं ते सारं करपलं," बाबा म्हणाले. "काल पडला. आता दुबार टाकतो."

"पैसे पाठवू?"

"बियाण्याचं झालं. कृषी केंद्रवाल्यानं उधार देल्लं." मग जरा थांबून, "तुह्या मिशीचं काय?"

"ठेवलीये. उन्हाळा आहे ना इकडे."

"अन् हिवाळ्यात?"

"काढावी लागेल बहुतेक."

"काढ बाप्पा. तेवढ्यानं मी नाही मरत."

बैल जुंपायचे होते, म्हणून त्यांनी फोन ठेवला.