तुम्ही विचारलंत म्हणून: शिकलेला माणूस गाऱ्हाणं का घालतो?

आंब्याची पेटी न्यायला पुण्या-मुंबईची माणसं बागेत येतात, कलमाखाली चहा होतो, गप्पा होतात, आणि कोणीतरी विचारतंच की दादा, तुम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलात, मोबाइलवर हवामान बघून फवारणी करता, मग पहिली तोड करायच्या आधी देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं, कशाला? स्वतःच्या बुद्धीवर विश्वास नाही का? दरवेळी मी हसतो आणि पेटी बांधायला घेतो. आज नीट सांगतो.

विश्वास आहे. पण सगळा भार तिच्यावर टाकत नाही, आणि हे मला २०२१ च्या मे महिन्यातल्या वादळानंतर कळलं.

देवगडात आमची कलमं, आजोबांनी लावलेली. लॉकडाऊनमुळे मार्केटचं काही खरं नव्हतं म्हणून मी थेट ऑर्डरी घेतल्या होत्या, कुठल्या कलमावरचा माल कधी तयार, कुठली गाडी कधी सुटणार, सगळं वहीत लिहिलेलं. शेवटची तोड धरली होती मंगळवारी, १८ तारखेला. बाबा दोनदा म्हणाले, "थोडे काढून घे रे." मी म्हटलं कोवळा आंबा नीट पिकत नाही, अजून पाच दिवस थांबूया. ते चूक नव्हतं, आजही शास्त्र तेच सांगतं. पण वादळाचा इशारा आला तेव्हा तोडीला माणसं मिळेनात, आणि रविवारी १६ तारखेला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं.

वाऱ्याचा आवाज कुठला आणि समुद्राचा कुठला तेच समजत नव्हतं. मध्येच पडवीवर आंबे आपटायचे, मग कौलं फुटायची. दुसऱ्या दिवशी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, नुसता हिरव्या आंब्यांचा थर, आणि सगळीकडे चिकाचा वास. तो वास अजून आला तरी पोटात कालवतं. तीन कलमं मुळासकट आडवी.

लाइट नव्हती. बाबांनी विहिरीवर आंघोळ केली, वादळात पडलेल्यातलाच एक नारळ सोलला आणि देवापुढे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या काय झाला ता आमका कळणा नाय, तुका कळता. हयसून पुढे तूच सांभाळ." आई म्हणाली, "व्हय म्हाराजा." मी दारात उभा होतो, माझ्या तोंडून व्हय निघालं नाही. खरं सांगतो, राग आला होता, देवाचा आणि बाबांचासुद्धा.

गाऱ्हाणं संपलं आणि बाबा कोयता घेऊन फांद्या तोडायला गेले. मी वही घेऊन पडवीत बसलो, तेच आकडे परत परत मांडत, कुठे चुकलं ते शोधत, दुपारपर्यंत. ज्याने देवावर टाकलं तो कामाला लागला होता आणि ज्याचा भरवसा फक्त हिशोबावर होता तो तिथेच बसून होता. हे मला त्या दिवशी नाही कळलं, पुढच्या पावसाळ्यात कधीतरी कळलं.

म्हणून मी फवारणी सोडलेली नाही, आणि फवारणी करू की नको हे विचारायला देवाला कौलही लावत नाही. तुडतुडा दिसला की औषध मारायचं, इशारा आला की होडी वर ओढायची, आंबा काढायचा, देव बघून घेईल म्हणून हातावर हात ठेवून बसणं ही श्रद्धा नव्हे असं माझं स्पष्ट मत आहे. पण एका तुऱ्यात शेकडो फुलं येतात आणि त्यातला एखाद-दुसराच आंबा हाताला लागतो, तो कुठला ते मला शिकूनही सांगता येत नाही. पूर्वी मोहोरावर मळभ आलं की मी रात्री तीनला बॅटरी घेऊन अंगणात उभा असायचो, बघून काय होणार होतं? आता झोपायच्या आधी एकदा आभाळ बघतो, सकाळी काय करायचं ते ठरवतो, आणि देवाला म्हणतो बाकीचं तुझं. कधी कधी तरीही झोप येत नाही.

यंदा बाबांना जास्त वेळ उभं राहवत नव्हतं म्हणून गाऱ्हाणं मी घातलं. मध्येच शब्द विसरलो. बराच वेळ काही सुचेना, शेवटी एवढंच म्हटलं, "आमका कळणा नाय, तुका कळता." मागून खुर्चीतून बाबांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."