न हललेलं पान

दहापैकी दोन. लाल पेनानं मी दिलेले हे गुण तीन आठवडे झाले तरी मनातून जात नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कथा हा प्रकार माझ्याकडे असतो. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली पद्मशाली घरांतल्या. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी. म्हणून सरावाची उत्तरं मी मराठीत लिहू देते. विभागातल्या काहींना हे अजिबात पटत नाही. पण विचार करणं आणि परक्या भाषेशी झगडणं, ही दोन्ही ओझी एकाच तासात मुलींच्या डोक्यावर ठेवायची नाहीत, यावर मी ठाम आहे.

कथेत परत परत येणारी एखादी वस्तू शिकवायची माझी एक रीत आहे. पेन्सिल घ्यायची आणि ती वस्तू जिथं जिथं येते तिथं गोल करायचा. प्रत्येक गोलाशेजारी लिहायचं, आत्ता ती कोण बघतंय आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदललंय. सगळे गोल झाल्याशिवाय 'अर्थ' हा शब्द उच्चारायचा नाही. बाजारातल्या गाइडांत याच्या नेमकं उलट असतं. डावीकडे प्रतीक, उजवीकडे अर्थ, मध्ये एक आडवी रेघ. पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, दिवा म्हणजे ज्ञान. मुलींच्या वाचण्याचं जेवढं नुकसान या तक्त्यांनी केलंय तेवढं मोबाइलनंही केलेलं नाही.

या वेळी कथा होती ओ. हेन्रीची 'द लास्ट लीफ', १९०५ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वर्तमानपत्रात आलेली. ग्रीनिच व्हिलेजमध्ये एकत्र राहणाऱ्या दोन चित्रकार मुली, स्यू आणि जॉन्सी. नोव्हेंबरात जॉन्सीला न्यूमोनिया होतो. खिडकीसमोर वीस फुटांवर विटांची कोरी भिंत आणि तिच्यावर आयव्हीची जुनी वेल. वेलीची पानं गळताना जॉन्सी उलटी मोजते, बारा, अकरा, दहा. शेवटचं पान पडलं की आपणही जाणार, असं तिनं मनाशी धरलंय. खालच्या मजल्यावर साठी उलटलेला बेहरमन राहतो. चाळीस वर्षं रंगवतोय, हाती काही लागलेलं नाही. आपण एक दिवस अजोड चित्र काढणार, असं म्हणत राहतो.

कथा मी मुद्दाम अर्धीच देते. दुसऱ्या रात्रीचा वारापाऊस होऊन गेलाय, सकाळी पडदा वर जातो आणि पान अजून तिथंच आहे, एवढ्यावर झेरॉक्स संपते. या कथेत पानाच्या इतक्या वाटा आहेत की एक तास पुरत नाही. पहिल्यांदा पान म्हणजे नुसता आकडा आहे. मग स्यू रागावते, तेव्हा तो वेडेपणा होतो. मग एक जागा अशी येते की स्यू आणि बेहरमन खिडकीतून वेलीकडे बघतात, एकमेकांकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. लेखकानं सगळी कथा त्या न बोलण्यात दडवली आहे. पुढं पान राहिलेलं बघून जॉन्सीला मरण मागितल्याची लाज वाटते, म्हणजे आता तेच पान तिला रागावतंय. आणि एक गोष्ट दाखवताना मला दर वर्षी नव्यानं आनंद होतो. भिंतीसाठी लेखक 'कोरी' हा शब्द वापरतो आणि बेहरमनच्या खोलीत पंचवीस वर्षं पहिल्या रेघेची वाट बघत पडलेल्या कॅनव्हाससाठीही तोच. शेवट ठाऊक नसताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ठाऊक झाल्यावर मुलींचे चेहरे बघावेत.

तर प्रश्न दिला होता, 'पान या प्रतीकाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.' दहा गुण. चौऱ्याहत्तर उत्तरं आली. रात्री अकराला तपासायला बसले. पहिल्या पन्नासांत 'पान म्हणजे आशा', फार तर 'जगण्याची जिद्द'. सहा गुण, सात गुण, सहा गुण. हात आपोआप चालायला लागतो तेव्हा थांबावं, हे कळतं मला. त्या रात्री थांबले नाही.

मग एका मुलीचं उत्तर आलं. सहा ओळींचं. हे पान खरं नाही, असं पहिल्याच ओळीत. दोन रात्री वारा आणि पाऊस झाला, तीन दिवसांपूर्वी शंभराच्या घरात होती ती बाकीची सगळी पडली. हे पान देठाकडे हिरवं आणि कडेला पिवळं लिहिलंय, पिवळं पडायला लागलेल्या पानाचा देठ सैल होतो, ते आधी जाणार. पान लोंबतंय असं लिहिलंय, पण हललं असं एकदा पण लिहिलेलं नाही. शेवटची ओळ होती, 'कुणीतरी केलेलं पान आहे.' समासात पेन्सिलनं 'आकु' लिहून खोडलं होतं. तेलुगूत पानाला आकु म्हणतात.

मी खाली लिहिलं, 'प्रतीकाचा अर्थ विचारला आहे. अंदाज नकोत.' आणि दोन गुण.

दुसऱ्या दिवशी कागद वाटले आणि कथेचा उरलेला भाग मोठ्यानं वाचायला घेतला. बेहरमन न्यूमोनियानं गेला, दोनच दिवस आजारी होता. त्याचे बूट आणि कपडे ओलेचिंब, गारठलेले सापडले. पेटलेला कंदील, जागेवरून ओढत नेलेली शिडी, विखुरलेले ब्रश, पॅलेटवर हिरवा आणि पिवळा रंग कालवलेला. आणि शेवटी स्यू जॉन्सीला विचारते, वारा सुटला तरी ते पान कधी हललं नाही, याचं तुला नवल नाही वाटलं?

त्या वाक्यावर माझा आवाज अडकला. मी वर बघितलं. वर्गात कुणालाच काही कळलेलं नव्हतं, कुणी कुणाचं उत्तर वाचलेलंच नव्हतं. ती मात्र माझ्याकडे बघत होती. तक्रार नव्हती त्या बघण्यात. तिनं कागदाची चौपदरी घडी घातली आणि वहीत ठेवली.

तास संपल्यावर तिला थांबवून घेतलं. "तुला कसं कळलं गं?"

"मॅडम, पान गप बसत नाही ओ."

"म्हणजे?"

"उद्या आणून दाखवते."

ती कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतून येते. २००६ साली विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली १०,००० घरांची ती वसाहत सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे. तिची आजी आणि आई विड्या वळतात. कॉलेजला यायच्या आधी आणि गेल्यावर ती स्वतःही.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली. आत भिजवलेली तेंदूची पानं, सात-आठ. वेगळी ठेवलेली दोन कोरडी. कोरडं पान हातात घेतलं तर कडेनं चुरा पडला. भिजवलेलं मऊ, जवळजवळ कापडासारखं. तिनं एक पान खिडकीच्या उजेडात धरलं, अंगठा देठाकडून टोकाकडे फिरवला आणि म्हणाली, "हे चालतंय." दुसऱ्यावरून अंगठा फिरवला. "हे जातंय. शिर जाड आहे, वळताना फाटणार." दोन्हींत मला काहीही फरक दिसला नाही. मग चालणारं पान तिनं पंख्याखाली टेबलावर ठेवलं आणि आम्ही बोलत बसलो. पंधरा मिनिटं झाली असतील. टेबलाला चिकटून पडलेल्या पानाची एक कड उचलली, मग दुसरी, आणि ते होडीसारखं झालं. हात न लावता. मी वर्षानुवर्षं तास घेतेय त्या कथेतलं पान मी एकदाही पान म्हणून बघितलं नव्हतं.

मी तिला विचारलं, "बरं, आता शेवट कळला. आता सांग, पान म्हणजे काय?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आशा नाही वाटत मला, मॅडम. छाट असती ना, तसं."

कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तपासणारा जुडी उलगडून बघतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो, ती छाट. कारखान्यातून मिळालेलं पान, दिवसभराचे हात, सगळं त्यात जातं आणि मजुरी मिळत नाही. पान कमी पडलं तर पदरचं घालून आकडा भरायचा, तो तोटा वेगळाच. हे सगळं तिनं मला न रागावता सांगितलं. मग म्हणाली, "बेहरमनची चाळीस वर्षं छाटच गेली. हे एकच पास झालं. जॉन्सी दिवसभर बघत बसली होती, तपासतात तसं. तिला पण नाही कळलं."

मी म्हटलं, ओ. हेन्री त्या काळात त्या वर्तमानपत्राला दर आठवड्याला एक कथा लिहून देत होता. ती लगेच म्हणाली, "म्हणजे नगावर?"

होय, नगावर. हे मला कधी सुचलं नव्हतं. नगावर लिहिणाऱ्या माणसानं आयुष्यभरात एकच नग धड केलेल्या माणसाची गोष्ट लिहिली. त्या दृष्टीनं कथा परत वाचली तर शिडी, कंदील आणि ओले बूट ही रहस्य उलगडायची साधनं राहत नाहीत, ती रात्रपाळी होते. तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे असं नाही. जॉन्सी शेवटी सूप मागते, नेपल्सच्या उपसागराचं चित्र काढायचंय म्हणते, ते पानामुळेच, आणि त्याला आशा म्हणायला हरकत नसावी. पण ती आशा जॉन्सीच्या बाजूनं. भिंतीच्या बाजूनं ते काम आहे, आणि माझ्या चौऱ्याहत्तर मुलींपैकी एकटी त्या बाजूला उभी राहून वाचत होती.

मी दोनाचे नऊ केले. विभागात सांगितलं तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण पेपर तपासणारा दुसराच कुणीतरी असणार. नमुना उत्तरात आशा आहे. तिला आशाच लिहायला शिकवा, नाहीतर नुकसान तिचंच." मला राग आला. पण त्यांचं म्हणणं खोडून काढता आलं नाही, कारण त्यांनी सांगितलं ते खरंच तसं आहे. तपासणाऱ्याच्या हातात गठ्ठा असतो, रात्रीचे अकरा वाजलेले असतात. तो तपासणारा मी होते.

तिला दोन्ही सांगितलं. परीक्षेत आधी आशा लिही, दोन ओळी, मग तुझं लिही. तिनं मान हलवली. हे सांगताना मला बरं वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही. आणि तो राहिलेला एक गुण मी का राखून ठेवला, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. प्रश्नात 'अर्थ' विचारला होता आणि तिनं अर्थ लिहिला नव्हता, एवढंच कारण सापडतं.

निघताना तिनं पानं फडक्यात परत बांधली. मोजून, सातच्या सात. वाळलेलं टेबलावर राहिलं. दारात थांबून म्हणाली, "मॅडम, स्यूनं सांगितल्यावर जॉन्सी काय म्हणाली?"

"काही नाही. गोष्ट तिथंच संपते."

"मग पान खोटं आहे म्हटल्यावर तिनं परत मोजायला घेतलं नसेल कशावरून?"

मला उत्तर सुचेना. खाली तिच्या बसची वेळ झाली होती.